गरनात्याचे इतिहासकार विल्यम प्रेस्कॉट

वाचकहो, गरनाता आणि कुर्तुबा ही नावे आपल्या घरांतून अगदीच अपरिचित नाहीत. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती कधी ना कधी येतातच. कुर्तुब्याच्या मशिदीवरील इक्बाल यांची नज्म ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तर अंदलुस म्हटले की गहिवरून येते. स्पेनमध्ये मुसलमानांनी शतकानुशतके राज्य केले, तेथे ग्रंथालये उभारली, शेतीला पाणी खेळवले, अल् हम्रासारखे महाल बांधले आणि मग ते सारे वैभव लयाला गेले, एवढे आपण अभिमानाने आणि तितक्याच दुःखाने सांगतो. पण ते कोणत्या साली गेले, कोणत्या अटींवर गेले, त्या अटी कोणी व केव्हा मोडल्या, असे घरातल्या एखाद्या मुलाने विचारलेच, तर आपल्यापैकी बहुतेकांना गप्प बसावे लागते.

हे प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी धरले अशा एका गृहस्थांची ओळख मला येथे करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव विल्यम हिक्लिंग प्रेस्कॉट. ते मुसलमान नव्हते. स्पॅनिशही नव्हते. ते अमेरिकेतील बॉस्टन शहराचे रहिवासी होते आणि स्पेनच्या भूमीवर त्यांनी आयुष्यात एकदाही पाऊल ठेवले नाही. शिवाय, ज्या ग्रंथांवरून आणि कागदपत्रांवरून त्यांनी हा इतिहास लिहिला, त्यांतील बराचसा मजकूर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नव्हता.

प्रेस्कॉट यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम या बंदराच्या गावी झाला. आजोबा कर्नल विल्यम प्रेस्कॉट हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील मोठे नाव. १७७५ साली बंकर हिलच्या लढाईत इंग्रज फौजेसमोर उभ्या राहिलेल्या अमेरिकन शिपायांचे ते सेनानी होते. वडील नामांकित वकील, पुढे न्यायाधीश झाले. घरात पैशाला कमतरता नव्हती. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण थोरांची चरित्रे सांगताना गरिबीचा दिवा आणि रस्त्यावरचा कंदील आणल्याशिवाय आपले समाधान होत नाही. प्रेस्कॉट यांच्या चरित्रात तो कंदील नाही. त्यांची अडचण निराळी होती.

१८०८ साली हे कुटुंब बॉस्टनला आले आणि १८११ मध्ये विल्यम हार्वर्ड कॉलेजात दाखल झाला. मुलगा हुशार, देखणा, हसतमुख. पण अभ्यासाची फारशी ओढ नसलेला. रोज अमुक इतके तास वाचन करीन असे निश्चय तो वारंवार करी आणि तितक्याच वारंवार मोडी. विद्यार्थी मित्रांनो, यात तुम्हाला स्वतःची ओळख पटली तर लाजू नका. गणिताशी तर त्याचे हाडवैर होते. भूमितीचे सिद्धांत काही केल्या समजेनात, तेव्हा त्याने ते अक्षरशः तोंडपाठ केले आणि वर्गात अक्षर न चुकता म्हणून दाखवू लागला. अखेर त्याला स्वतःलाच या सोंगाचा कंटाळा आला. त्याने प्राध्यापकांकडे जाऊन खरे काय ते सांगितले, की मला यातले काहीही कळत नाही, मी नुसते पाठ करतो. प्राध्यापक समंजस होते. वर्गात हजर राहा, मी तुला प्रश्न विचारणार नाही, असा तोडगा त्यांनी काढला. भूमिती त्याला पुढेही आली नाही. पण पाठांतराची जी ताकद त्या दिवसांत दिसली, तिच्यावरच पुढे त्याचे सारे आयुष्य उभे राहणार होते.

कॉलेजात असतानाच तो अपघात झाला. विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात जेवण आटोपत आले होते. वडील मंडळी उठून गेल्यावर पोरांची दंगामस्ती सुरू झाली. विल्यम बाहेर पडत होता. मागे गडबड कसली म्हणून त्याने मान वळवली आणि त्याच क्षणी कोणीतरी भिरकावलेला पावाचा एक कडक तुकडा त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यावर येऊन आदळला. तो जागच्या जागी कोसळला. त्या डोळ्याची दृष्टी गेली ती पुन्हा कधीच आली नाही.

तुकडा कोणी फेकला हे त्याला ठाऊक होते. ते नाव त्याने जगाला सांगितले नाही. त्या मुलानेही पुढे कधी दिलगिरी दाखवल्याचे प्रेस्कॉट यांना आढळले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच माणसाला मोठी मदत करण्याचा प्रसंग आला, तेव्हा प्रेस्कॉट यांनी ती ताबडतोब आणि मनापासून केली. त्यांचे जिवलग मित्र आणि चरित्रकार जॉर्ज टिकनॉर यांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे, आणि त्यांनीही ते नाव लिहिलेले नाही.

एका डोळ्यावर विल्यमने १८१४ साली पदवी घेतली आणि वडिलांच्या कचेरीत कायद्याचा अभ्यास सुरू केला. परंतु काही महिन्यांतच, १८१५ च्या आरंभी, संधिवाताच्या विकाराने उजव्या डोळ्यालाही ग्रासले. डोळा सुजे, दिवसचे दिवस काही दिसत नसे. मग थोडा उतार पडे आणि पुन्हा तेच. हवापालटासाठी त्याला अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर पाठवण्यात आले. तेथे त्याचे आईकडचे आजोबा अमेरिकेचे वकील म्हणून राहत होते. बेटावर फुलांचा बहर आणि मोकळा समुद्र. पण तेथे पोचताच डोळ्याने असा काही उठाव केला की जवळजवळ तीन महिने त्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला पूर्ण अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. तो खोलीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फेऱ्या मारी. भिंतीवर आपटू नये म्हणून कोपरे पुढे काढून चाले. मोठ्याने गाणी म्हणे, पाठ असलेल्या कविता म्हणे. तेथून तो लंडनला गेला, नामांकित डॉक्टरांना भेटला. रोग बरा होणारा नाही, डोळा जपून वापरावा लागेल, एवढेच त्यांनी सांगितले. कायद्याचा व्यवसाय संपला होता.

लंडनच्या या प्रवासात त्याला एक वस्तू मात्र मिळाली. आंधळ्यांना लिहिता यावे म्हणून एका इंग्रज माणसाने नॉक्टोग्राफ नावाचे एक साधे साधन तयार केले होते. पाटीएवढी चौकट, तिच्यावर आडव्या ताणलेल्या पितळी तारा. तारांखाली कोरा कागद आणि काजळीचा कागद ठेवायचा व हस्तिदंताच्या टोकदार लेखणीने दोन तारांच्या मधून चाचपडत लिहायचे. शाई नको, दौत नको आणि पाहण्याचीही गरज नको. दोष एवढाच, की लिहिलेले पुसता येत नाही, वाचताही येत नाही. कधी कधी प्रेस्कॉट कोरा कागद घालायलाच विसरत आणि आख्खे पान लिहून झाल्यावर खाली काहीच उमटलेले नसे! असो. याच चौकटीवर पुढे त्यांनी आपले जवळजवळ सगळे ग्रंथ लिहिले.

१८१७ साली विल्यम घरी परतला. आता धाकटी बहीण म्हणा, आई म्हणा, मित्र म्हणा, कोणी ना कोणी त्याला तासन्‌तास वाचून दाखवू लागले. पालकहो, इथे जरा थांबावेसे वाटते. त्या घरात पैसा होता हे खरे. पण भावाजवळ अंधारात बसून दिवसाचे सहा-सहा तास वाचणारी बहीण पैशाने मिळत नाही. याच काळात त्याने एक लेख लिहिला. बहिणीने तो सुवाच्य अक्षरांत उतरवला आणि दोघांनी कोणालाही न सांगता एका प्रतिष्ठित नियतकालिकाकडे पाठवला. तो साभार परत आला.

१८२० मध्ये, आपल्या चोविसाव्या वाढदिवशी, त्याने सुझन अमोरी हिच्याशी लग्न केले. आणि त्यानंतर लवकरच एक निर्णय घेतला, जो मला त्यांच्या साऱ्या ग्रंथांइतकाच मोठा वाटतो. लेखक व्हायचे ठरवल्यावर या हार्वर्डच्या पदवीधराने पुन्हा शाळकरी मुलासारखा अभ्यास आखला. आरंभ कशापासून, तर इंग्रजी व्याकरणापासून! मग शुद्ध लेखन, मग जुने गद्यलेखक, रोज तासभर लॅटिन. पंचविशीतला, लग्न झालेला, सुखवस्तू माणूस व्याकरणाचे क्रमिक पुस्तक ऐकत बसला आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. इंग्रजीनंतर फ्रेंच, फ्रेंचनंतर इटालियन. जर्मनही शिकायची होती. पण डोळ्यांना ती झेपेना, म्हणून सोडावी लागली. त्या सुमारास मित्र टिकनॉर हार्वर्डमध्ये स्पॅनिश वाङ्मयावर व्याख्याने देत होते. मित्राचे मन रमावे म्हणून त्यांनी ती व्याख्याने घरी येऊन वाचून दाखवली. १८२४ च्या अखेरीस प्रेस्कॉट स्पॅनिश शिकू लागले. जर्मन हुकली म्हणून स्पॅनिश आली, आणि स्पॅनिश आली म्हणून गरनाता आले.

१९ जानेवारी १८२६ रोजी त्यांनी विषय पक्का केला. फर्डिनंड आणि इझाबेला या राजाराणीच्या राजवटीचा इतिहास. याच दोघांच्या काळात गरनात्याचे शेवटचे मुसलमानी राज्य संपले, यहुद्यांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि कोलंबस अमेरिकेला पोचला. माद्रिदमधील अमेरिकन वकील आणि पुस्तकांचे व्यापारी यांच्यामार्फत ग्रंथांच्या पेट्या मागवण्यात आल्या. पेट्या आल्या, आणि नेमका त्याच वेळी उजवा डोळा पुन्हा बिघडला. पुस्तके समोर रचलेली आणि वाचता एकही येत नाही.

नेमलेल्या वाचकाला स्पॅनिशचा गंध नव्हता. प्रेस्कॉट यांनी त्याला फक्त उच्चार शिकवले आणि तो मनुष्य, एका अक्षराचाही अर्थ न कळता, मारियाना या जुन्या इतिहासकाराचे भलेमोठे खंड एकामागून एक मोठ्याने वाचत राहिला. गावाकडच्या मळ्यात झाडांखाली हे वाचन चाले. ऐकणारा समजून घेई, वाचणाऱ्याला काही समजत नसे. आपल्याकडे अरबी न समजता कुरआन शरीफ वाचणारी मुले आपण घरोघर पाहतो, त्यामुळे हे दृश्य आपल्याला कल्पनेने पाहणे जड जाऊ नये. पुढे भाषा जाणणारे लेखनिक मिळाले आणि कामाला गती आली.

काम करण्याची रीत अशी होती. लेखनिक एका विषयावरचे सर्व ग्रंथ वाचून दाखवी. प्रेस्कॉट ऐकता ऐकता टिपणे सांगत किंवा चौकटीवर लिहीत. ती टिपणे मोठ्या अक्षरांत उतरवून पुन्हा पुन्हा वाचली जात. मग सारे कागद बाजूला ठेवून ते विचार करीत. घोड्यावरून रपेट करताना, झाडांखाली येरझाऱ्या घालताना, आख्खे प्रकरण मनातल्या मनात रचीत, दुरुस्त करीत, पुन्हा रचीत. छापील साठ पानांच्या आसपासचा मजकूर ते एका वेळी मनात धरून ठेवू शकत. मग चौकट घेऊन झरझर लिहून काढत आणि ते गिचमिड अक्षर लावण्याचे काम लेखनिकाकडे जाई. डोळा बरा असेल त्या दिवसांत थोडा वेळ स्वतः वाचत. पण घड्याळ लावून.

आळस मात्र जन्मभर त्यांच्या मागे होता, हे त्यांनी स्वतः कधी लपवले नाही. त्यावर त्यांनी मजेदार उपाय काढला होता. ठरलेल्या मुदतीत इतकी पाने लिहून झाली नाहीत तर मी तुला अमुक रक्कम देईन, असा रीतसर करारनामा ते आपल्या लेखनिकाला लिहून देत. पैज म्हटली की आपल्यातील बुजुर्ग कपाळाला आठ्या घालतील, आणि ते योग्यच आहे. पण इथे जिंकण्याचा हव्यास नव्हता. स्वतःच्या सुस्तीला घातलेले ते कुंपण होते.

या ग्रंथाला जवळजवळ दहा वर्षे लागली. मध्येच, १८२९ साली, चार वर्षांची थोरली मुलगी कॅथरिन वारली. त्या आघाताने प्रेस्कॉट यांनी इतिहास बाजूला ठेवला आणि वकील वडिलांना सोबत घेऊन आपल्या धर्मग्रंथांचे पुरावे महिनोन्‌महिने तपासत बसले. मुलगी गेल्यावर माणूस श्रद्धेकडे वळतो, यात नवल नाही. हा माणूस तेथेही साक्षीपुरावे पाहू लागला.

१८३७ च्या नाताळात तीन खंडांचा तो ग्रंथ बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी प्रेस्कॉट यांनी स्वतःपुरत्या चार प्रती छापून ठेवल्या होत्या आणि प्रसिद्ध करावा की नाही अशा घोळात पडले होते. लिहिलेले छापायला घाबरणारा माणूस भित्राच म्हणायचा, असे वडिलांनी खडसावले तेव्हा कुठे धीर आला. पहिली आवृत्ती थोड्याच आठवड्यांत संपली. शहराला या माणसाची ओळख श्रीमंत घरचा, गप्पिष्ट, डोळ्यांनी अधू गृहस्थ एवढीच होती. दहा वर्षे तो आत बसून काय करत होता, हे अगदी जवळच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हते.

आता त्या ग्रंथात आपल्यासाठी काय आहे ते पाहू. गरनात्याच्या युद्धाकडे वळण्यापूर्वी प्रेस्कॉट यांनी स्पेनमधील अरबांची विद्या, शेती, राज्यकारभार आणि वाङ्मय यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. हरलेला पक्ष कोण होता आणि त्याच्याबरोबर काय गेले, हे वाचकाला आधी कळावे, ही त्यामागची दृष्टी. पुढे तहाची कलमे येतात. नोव्हेंबर १४९१ मध्ये करार झाला आणि २ जानेवारी १४९२ रोजी सुलतान अबू अब्दुल्लाह याने शहर स्वाधीन केले. मुसलमानांच्या मशिदी त्यांच्याकडे राहतील, त्यांचे खटले त्यांचेच काझी त्यांच्याच कायद्याने चालवतील, भाषा व पोशाख यांना हात लावला जाणार नाही, असे राजाराणीने लिहून दिले होते.

पहिले आर्चबिशप तालावेरा हे सौम्य वृत्तीचे गृहस्थ होते. उतारवयात त्यांनी स्वतः अरबी शिकायला घेतली आणि आपल्या पाद्र्यांनाही शिकायला लावली. लोकांना ते आवडत. पण १४९९ साली कार्डिनल सिस्नेरोस गरनात्यास आला. त्याला हा धीमेपणा पसंत नव्हता. सक्ती सुरू झाली आणि शहरातील अरबी हस्तलिखिते गोळा करून बिब रंब्ला या चौकात त्यांची होळी करण्यात आली. किती ग्रंथ जळले याविषयी जुन्या लेखकांचे आकडे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. वैद्यकावरील सुमारे तीनशे ग्रंथ तेवढे वगळून अल्काला येथील नव्या विद्यापीठासाठी पाठवले गेले. ते विद्यापीठ स्थापन करणाराही हाच सिस्नेरोस. ही होळी कोणा अडाणी शिपायाने केली नाही, एका विद्वानाने केली, आणि तीही विद्यापीठ उभारत असताना, यावर प्रेस्कॉट यांनी नेमके बोट ठेवले आहे. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या मुसलमानांना धर्म बदला किंवा देश सोडा असा हुकूम निघाला. दहा वर्षांपूर्वीच्या लेखी वचनाची किंमत एवढीच उरली. प्रेस्कॉट यांनी हे सारे सौम्य न करता लिहिले. यहुद्यांची हकालपट्टी आणि इन्क्विझिशनचे जुलूम यांवरही त्यांनी पांघरूण घातले नाही.

तरीही हा ग्रंथ डोळे मिटून स्वीकारावा असे मी म्हणणार नाही. राणी इझाबेलेवर प्रेस्कॉट यांचा फार लोभ आहे. तिच्या राज्यात जे वाईट झाले त्याचा दोष ते शक्य तेवढा तिच्या धर्मगुरूंवर आणि त्या काळावर टाकतात. अरबांच्या ऱ्हासाची कारणे सांगताना त्यांच्या धर्माविषयी त्या काळच्या अमेरिकन ख्रिस्ती माणसाचे पूर्वग्रह त्यांच्या लेखणीतून उतरलेले आहेत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यांना अरबी येत नव्हती. अरब इतिहासकारांचे म्हणणे त्यांनी घेतले ते मुख्यतः कोंदे या स्पॅनिश लेखकाच्या पुस्तकावरून. पुढे डोझी या डच पंडिताने दाखवून दिले की कोंदेचे अरबी ज्ञान तोकडे होते आणि त्याचे पुस्तक चुकांनी भरलेले होते. म्हणजे पाहा, बॉस्टनच्या या माणसाने स्पॅनिश बाजू मूळ कागदांवरून तपासून घेतली. गरनात्याच्या लोकांची बाजू मात्र त्याच्यापर्यंत कच्च्या दुभाष्याच्या तोंडून आली. त्यांची नियत साफ होती, पण भाषेची वाट बंद होती.

ही उणीव ओळखणारे एक गृहस्थ त्यांना लवकरच भेटले, म्हणजे पत्रांतून. पास्कुआल दे गायांगोस हे स्पॅनिश पंडित अरबीचे जाणकार होते. अल् मक्करी याच्या अंदलुसवरील अरबी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी लंडनमध्ये १८४० पासून प्रसिद्ध केले. प्रेस्कॉट यांच्या ग्रंथाचे परीक्षण त्यांनी केले आणि त्यातून जन्माची मैत्री जडली. पुढे वर्षानुवर्षे गायांगोस युरोपातील दप्तरखाने पालथे घालून कागदांच्या नकला बॉस्टनला पाठवत राहिले.

पुढच्या दोन ग्रंथांविषयी थोडक्यात सांगतो. मेक्सिकोच्या विजयाचा इतिहास लिहायला घेताच प्रेस्कॉट यांना कळले की वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनी तोच विषय आधी हाती घेतला आहे. आयर्व्हिंग म्हणजे तेव्हाचे अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय लेखक. कोलंबसाचे चरित्र, गरनात्याच्या विजयाची बखर आणि अल् हम्राच्या कथा लिहिणारे. त्यांनी पुढे आपल्या पैगंबरांचेही चरित्र लिहिले. प्रेस्कॉट यांचा मनोदय समजताच आयर्व्हिंग यांनी तो विषय सोडून दिला. मेक्सिकोचा इतिहास १८४३ साली आणि पेरूचा १८४७ साली प्रसिद्ध झाला. मेक्सिकोसाठी स्पेनमधून सुमारे आठ हजार पानांच्या नकला आल्या होत्या. दोन्ही पुस्तके दूरदूर वाचली गेली.

पण पेरूच्या पुस्तकातील एक गोष्ट वगळता येत नाही. तोपर्यंत युरोपात आणि अमेरिकेत प्रेस्कॉट यांचा आंधळा इतिहासकार म्हणून बोलबाला झाला होता. परीक्षणांतून त्या आंधळेपणाचे कौतुक होई. प्रेस्कॉट यांनी प्रस्तावनेत आपल्या डोळ्यांची खरी हकीकत लिहून टाकली. एक डोळा गेला आहे, दुसरा कधी चालतो कधी बंद पडतो, अलीकडे दिवसातून थोडे वाचता येते, आणि म्हणून लोक देतात तेवढ्या श्रेयाचा मी धनी नाही, असा तिचा आशय. फुकट मिळालेली कीर्ती परत करणारी माणसे कमी असतात. सिस्नेरोसच्या होळीचे आकडे ताडून पाहणाऱ्याने स्वतःविषयीची वदंताही तशीच ताडून पाहिली.

त्यांच्यापेक्षा अधिक अंधारात असलेल्यांना ते विसरले नव्हते. बॉस्टनमध्ये अंधांची शाळा काढण्याचे प्रयत्न सुरू झाले तेव्हा प्रेस्कॉट तिच्या आरंभीच्या विश्वस्तांपैकी होते. १८३० मध्ये, पहिला ग्रंथ अर्धवट असताना, त्यांनी युरोपातील अंधशाळांवर लेख लिहून आपल्या शहराला या कामाचे महत्त्व पटवले. हीच संस्था पुढे पर्किन्स अंधशाळा म्हणून प्रसिद्ध झाली. हेलन केलर हिला शिकवणारी ॲन सलिव्हन याच शाळेची विद्यार्थिनी होती.

१८५० साली ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, मेजवान्या झाल्या. परत येऊन ते पुन्हा आपल्या ग्रंथालयात बसले. त्या ग्रंथालयाच्या भिंतीवर दोन तलवारी एकमेकींवर आडव्या लावलेल्या होत्या. एक त्यांच्या आजोबांची, बंकर हिलवर इंग्रजांविरुद्ध उपसलेली. दुसरी त्यांच्या पत्नीच्या आजोबांची, जे त्याच दिवशी त्याच लढाईत इंग्रजांच्या जहाजावर कप्तान होते. दोन शत्रूंची नात आणि नातू एका घरात संसार करत होते, आणि त्या तलवारींखाली बसून प्रेस्कॉट परक्यांच्या लढाया लिहीत होते.

शेवटचा ग्रंथ होता स्पेनचा राजा फिलिप दुसरा याच्यावर. गायांगोस यांनी जमवलेल्या कागदांवर तो उभा आहे. पहिले दोन खंड १८५५ मध्ये निघाले. तिसरा १८५८ मध्ये निघाला आणि त्यात प्रेस्कॉट पुन्हा गरनात्याला परतले. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या नातवंडा-पतवंडांची ही कहाणी. त्यांना मोरिस्को म्हणत. अरबी बोलू नये, अरबी नावे ठेवू नयेत, जुना पोशाख घालू नये, हमाम वापरू नयेत, असे हुकूम फिलिपने काढले. अखेर १५६८ मध्ये अल्पुखाराच्या डोंगराळ मुलुखात बंड पेटले. ते चिरडायला सरकारला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि गरनात्याच्या हजारो मोरिस्को कुटुंबांना घरादारांतून उचलून कॅस्टिलभर विखुरण्यात आले. प्रेस्कॉट यांनी या बंडाला आपल्या खंडात भरपूर जागा दिली आहे. दोन्ही बाजूंची क्रूर कृत्ये त्यांनी लिहिली. पण लोकांना त्या टोकाला कोणी नेले, याविषयी वाचकाच्या मनात शंका उरू दिली नाही. १६०९ पासून मोरिस्कोंना स्पेनमधून कायमचे हाकलण्यात आले. तो पुढच्या राजाचा काळ, प्रेस्कॉट यांच्या ग्रंथाच्या कक्षेबाहेरचा.

तिसरा खंड छापून निघण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८५८ मध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यातून ते सावरले, खंड पुरा केला, चौथ्याची तयारी सुरू केली. २८ जानेवारी १८५९ रोजी सकाळी घरातच दुसरा झटका आला आणि दुपारी ते गेले. फिलिपचा इतिहास अपुरा राहिला.

आपल्या अखेरच्या प्रवासाबद्दल त्यांनी घरच्यांकडे एक मागणे मागून ठेवले होते. दफनासाठी नेण्यापूर्वी आपला देह काही वेळ ग्रंथालयात ठेवावा. त्याप्रमाणे त्यांना त्या खोलीत नेण्यात आले आणि जी पुस्तके त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती, त्यांच्यामध्ये ते थोडा वेळ एकटे राहिले.